गावची जत्रा, चाळीतला उत्सव आणि आपलं घर: जुन्या आठवणी जपण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही जत्रा बंद पडल्या, काही गावांसकट धरणाच्या पाण्याखाली गेल्या, काही आजही भरतात पण त्यांचं रूप पार बदललं. ज्यांनी जुनं रूप पाहिलं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. घराचा इतिहास लिहायला बसलेल्यांना याबाबत जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

उत्सवाचा इतिहास लिहायचा की घराचा?

घराचा. देवस्थानाची आख्यायिका, देऊळ कोणी बांधलं, यात्रा कोणत्या तिथीला असते, हे बहुतेक वेळा कुठे ना कुठे छापलेलं असतं. छापलेलं नसतं ते एवढंच, की त्या दिवशी आपल्या घरातलं कोण काय करायचं. पालखीला खांदा कोण द्यायचं आणि कोणत्या पारापासून कोणत्या वेशीपर्यंत. मानाची काठी कोणाच्या ओट्यावरून उठायची. रात्रभर गॅसबत्तीला हवा कोण मारायचं. चाळीस पाहुण्यांचा स्वयंपाक कोणत्या चुलीवर आणि कोणाच्या हातचा. वर्गणीवाले दारात आले की आजोबा काय म्हणायचे.

माझ्या मते पहिलं वाक्य असं असावं: ‘आमच्या घराकडे अमुक काम होतं.’ ते एकदा लिहिलं की बाकीची माणसं, जागा आणि वस्तू त्याच्या मागोमाग येतात.

आमच्या घराला कसलाच मान नव्हता. मग लिहिण्यासारखं काय आहे?

खूप आहे. मानकऱ्यांची नावं देवस्थानच्या वहीत सापडतील. पण जत्रेत बांगड्यांचं दुकान लावणारी, बैलगाडीतून माणसं आणणारी, पाणी भरणारी, मांडव घालणारी घरं वहीत नसतात. मानकरी गाभाऱ्याजवळ असतो, त्याला बाहेरचा बाजार दिसत नाही. तो दिसतो दुकानाच्या फळीमागे बसलेल्या माणसाला. नुसतं बघायला गेलेल्या पोराची आठवणही तितक्याच मोलाची: हातात किती पैसे मिळाले, ते कशावर खर्च झाले, परत येताना कोण कडेवर झोपलं.

सगळ्यात आधी कोणाला विचारावं?

वयाने सर्वात मोठ्या माणसाला नव्हे, तर ज्याची तब्येत सर्वात नाजूक आहे त्याला. हे लिहायला कठोर वाटतं, पण इथे दिरंगाई केली तर भरपाई नाही.

त्यानंतर घरातल्या बायकांना. लग्न होऊन आलेल्या बाईकडे दोन गावांचे उत्सव असतात, माहेरचा आणि सासरचा, आणि तिला त्यांतला फरक नेमका माहीत असतो. माहेरी देवीची ओटी कशी भरत, इथे कशी भरतात, पहिल्या वर्षी काय चुकलं आणि कोणी सांभाळून घेतलं. शिवाय मिरवणुकीचा दिवस पुरुषांच्या आठवणीत रस्त्यावर असतो आणि बायकांच्या आठवणीत स्वयंपाकघरात, माडीवर, माहेरवाशिणींच्या गराड्यात. एकच बाजू लिहिली तर अर्धा दिवस हरवतो.

मग घराबाहेर पडा. गुरव, हलगी आणि सनई वाजवणारी घरं, मुंबई-पुण्याला गेलेले चुलते, शेजारच्या गावात दिलेल्या आत्या. गाव सोडून गेलेल्यांच्या आठवणीत जुनं चित्र कधी कधी अधिक स्पष्ट राहतं, कारण त्यावर नंतरच्या वर्षांचे थर चढलेले नसतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या घरांनी हेळव्यांचीही चौकशी करावी. घराण्यांच्या वंशावळी सांगणं हे त्यांचं पिढीजात काम. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. त्यात आपले पूर्वज कधी आले, कोणाबरोबर आले हे सापडू शकतं.

आजी म्हणते, ‘मला काही आठवत नाही.’ काय करावं?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

‘तुमच्या वेळची जत्रा कशी होती?’ हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याचं उत्तर ‘छान होती’ एवढंच येतं. त्याऐवजी दिवस उलगडत न्या. त्या दिवशी पहाटे घरात पहिलं कोण उठायचं? अंगण कोण सारवायचं? नवं लुगडं दरवर्षी मिळायचं का? पाहुणे कोणत्या गावांहून यायचे, कुठे झोपायचे? देवळाकडे कोणत्या वाटेने जायचात? त्या वाटेवर काय लागायचं? वाट आठवली की माणसं आठवतात. जमलं तर आजीला कागदावर गावाचा नकाशा काढून मागा. वेस, पार, आड, कोणाचं घर कुठे. नकाशा वाकडातिकडा येईल, पण तो काढता काढता ती बोलत जाईल.

वास आणि आवाज यांबद्दल विचारा. बोकड कापायची प्रथा होती का, कधी थांबली हेही विचारा, संकोच करू नका. एखादी वस्तू हातात द्या: देव्हाऱ्यातला टाक, जुना फेटा, तांब्या, फोटो. आणि उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. बरीच महत्त्वाची वाक्यं त्या शांततेनंतर येतात.

मध्येच दुरुस्ती करणं टाळा. ‘आजी, तेव्हा वीज नव्हती गं’ असं म्हटलं की आजी गप्प होते. शंका वहीत टिपून ठेवा, दुसऱ्या दिवशी विचारा. एका बैठकीत पाऊण तास पुरे. सोबत दुसरं म्हातारं माणूस असेल तर गप्पा रंगतात, पण ध्वनिमुद्रणात आवाज एकमेकांत मिसळतात. म्हणून एकदा दोघांना एकत्र, एकदा वेगवेगळं बसवावं.

रेकॉर्डिंग सुरू केल्याबरोबर तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगा. ‘हे घरातल्या सगळ्यांना ऐकवू का?’ हेही तिथेच विचारून घ्या.

काका एक सांगतात, आत्या दुसरंच. खरं कोणाचं धरायचं?

दोन्ही लिहा, नावानिशी. एकाच वर्षीच्या भांडणाची दोन रूपं घरात असतील, तर तीही घराच्या इतिहासाचा भाग आहेत. तारीख, ठिकाण, नातं अशा तपासता येणाऱ्या गोष्टी तेवढ्या तपासा. कोण रडलं आणि कोण रुसलं याचा निवाडा करू नका.

‘खूप वर्षं झाली’ एवढंच सांगतात. साल कसं काढायचं?

साल विचारू नका, घटना विचारा. जुन्या माणसांच्या मनात काळाच्या खुणा पक्क्या असतात. पुण्याकडे पानशेतचा पूर: १२ जुलै १९६१. सातारा-कोकणाकडे कोयनेचा भूकंप: ११ डिसेंबर १९६७ची पहाट. सगळीकडे १९७२चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी. लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप: ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. मराठवाड्यात निजामाचं राज्य संपलं तो दिवस १७ सप्टेंबर १९४८. त्याआधीच्या पिढीकडून ऐकलेल्या गोष्टींत प्लेग येतो. मुंबईत तो १८९६ साली आला, पुण्यात १८९७ साली, आणि माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. ‘त्या वर्षी जत्रा भरलीच नाही’ असं कोणी सांगितलं तर आधी प्लेग, १९१८चा इन्फ्लुएंझा किंवा दुष्काळ यांतलं काय बसतं ते पाहा.

दुसरा मार्ग घरातल्या घडामोडींचा. तेव्हा तुझं लग्न झालं होतं का? थोरला पोटात होता की पायावर चालत होता? या दोन प्रश्नांनी साल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येतं.

तिसरा मार्ग वस्तूंचा. उजेड कशाचा होता: मशाली, गॅसबत्त्या की विजेच्या माळा? कर्णा कधी आला? वर्गणीच्या पावतीवर आणे असतील तर ती बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीची, कारण त्या दिवशी नवे पैसे सुरू झाले. अर्थात खेड्यापाड्यांत आणे तोंडातून जायला आणखी काही वर्षं लागली. पत्रकावर सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२नंतरचं.

कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर जानेवारी लागलेला असू शकतो, तेव्हा ७९. मराठवाड्यातल्या कागदांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातला महसुली सन, दिसतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती येतो, एखाद्या वर्षाचा फरक धरावा.

तिथीबद्दल एक सावधगिरी. सगळ्या जत्रा तिथीला बांधलेल्या नसतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरतो. अशा ठिकाणी ‘माघ महिना’ एवढ्यावरून तारीख काढायला जाऊ नका.

घरात कोणते कागद शोधायचे?

पत्र्याच्या ट्रंका, देव्हाऱ्याखालचा कप्पा, जुन्या पंचांगांमधली पानं. वर्गणीच्या पावत्या, मंडळाचे जमाखर्च, कार्यक्रमपत्रिका, कुस्त्यांच्या फडाची हँडबिलं, मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका. स्मरणिकेतले लेख सोडा, मागच्या जाहिराती आणि देणगीदारांची यादी वाचा. गावातली दुकानं आणि घरं तिथे नावानिशी उभी असतात.

कोणी तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावला जात असे का, हेही विचारा. चैत्र-वैशाखाच्या यात्रांसाठी तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी करार करून येतात. तो करार घराच्या एखाद्या पाकिटात निघू शकतो.

पणजोबांच्या काळचे कागद मोडीत असतील तर ते न वाचता टाकून देऊ नका. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती. आज मोडी शिकवणारे वर्ग भरतात आणि वाचून देणारे जाणकारही भेटतात.

घराबाहेर कुठे काय मिळेल?

मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेले जिल्ह्यांचे माहितीग्रंथ, पहिल्यांदा उघडा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत त्यांतले बहुतेक खंड निघाले. गावांच्या नोंदींत जत्रेचा महिना आणि गर्दीचा अंदाज अनेकदा दिलेला आहे. त्याहून उपयोगी म्हणजे १९६१च्या जनगणनेच्या वेळी तयार झालेला महाराष्ट्रातील जत्रा व उत्सवांचा खंड. तो फारसा कोणाला माहीत नाही, याचं वाईट वाटतं. आपल्या आजोबांच्या ऐन उमेदीतलं जत्रेचं चित्र कोणीतरी सरकारी कामासाठी टिपून ठेवलेलं आहे.

मुंबई, पुणे, कोल्हापूर इथली पुराभिलेखागारं, पुण्यातलं १९१०चं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्यातलं राजवाडे संशोधन मंडळ इथे जाताना गावाचं नाव, जुना तालुका आणि संस्थान कोणतं होतं हे लिहून घेऊन जा. नुसतं आडनाव सांगून काही हाती लागत नाही.

देवस्थान इनामाची जमीन घराकडे असेल तर जमिनीचे जुने उतारे काढा. दिवाबत्ती, वाजंत्री, पूजा अशा सेवेसाठी जमीन दिलेली असे. घराकडे कोणतं काम होतं याचा तो सर्वात भक्कम पुरावा.

आमचं गाव धरणात गेलं. आता कुठून सुरुवात करू?

पुनर्वसन कसं झालं, तिथून. गाव एकाच वसाहतीत गेलं की चार ठिकाणी विखुरलं? देव कोणाबरोबर गेला? मूर्ती हलवली की नवी घडवली? नव्या जागी पहिली यात्रा कोणत्या वर्षी भरली आणि जुने मान तसेच राहिले का? या उत्तरांत घराच्या स्थलांतराची कहाणी आपोआप येते. उजनीचं पाणी उतरतं तेव्हा जुनं पळसदेवचं मंदिर उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात. तुमच्या धरणातही असं काही वर येत असेल, तर त्या उन्हाळ्यात घरातल्या मोठ्या माणसाला काठावर घेऊन जा. कोणतं भिंताड कोणाचं हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

आम्ही मुंबईकर. चाळीतला उत्सव धरायचा की गावचा?

दोन्ही, आणि त्यांच्यामधला प्रवासही. सार्वजनिक गणेशोत्सवाची मुंबईतली सुरुवात गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली झाली, ती चाळीतच, हे लक्षात घ्या. गिरणगावात एकेका गावच्या माणसांच्या सामाईक खोल्या असत. गावच्या जत्रेची वर्गणी तिथे गोळा होई, शिमग्याला कोण जाणार हे तिथे ठरे. कोकणातलं नमन, जाखडी, शक्ती-तुरा गिरणीच्या पाळ्या सांभाळून शहरात रंगत असे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे अनेक घरं गावी परतली. विचारा: त्या वर्षी चाळीचा गणपती कसा बसला? वर्गणी किती जमली, कोणी दिली नाही, कोणी न मागता दिली? संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तुमच्या मजल्यावरच्या आरतीबद्दल कोणीच लिहिलेलं नाही.

पाडलेल्या चाळीचा आराखडाही काढून ठेवा. मंडप कुठे, नळ कुठे, कोणत्या खोलीत नाटकाच्या तालमी.

आमच्या आजोबांच्या जत्रेच्या आठवणी अपमानाच्या आहेत. त्या लिहाव्यात का?

हो. तुमच्या घराची इच्छा असेल तर नक्की.

जत्रा सगळ्यांची होती असं म्हणण्याची सवय आहे, आणि ते खरं नाही. कोणी पायरीपाशी थांबायचं, कोणी लांबून नारळ द्यायचा, कोणी रात्रभर हलगी वाजवून सकाळी शिळं मागायचं, हे ठरलेलं होतं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि रामनवमीचा रथ ओढण्यावरूनही तिथे संघर्ष झाला. गावोगावी असे लहान संघर्ष झाले, त्यांची नोंद कुठेच नाही. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी गावकीची कामं नाकारली. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतनं, म्हणजे गावकीच्या कामांना पिढीजात बांधलेली वतनं, संपली. आपल्या घराने ते काम कोणत्या वर्षी सोडलं, कोणी पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं, गावाने काय केलं, आणि त्यानंतर घरात कोणते नवे दिवस साजरे होऊ लागले, हे कुटुंबाच्या इतिहासातलं फार मोठं पान आहे. पहिली १४ एप्रिलची मिरवणूक कोणाच्या दारातून निघाली हे आजही सांगणारी माणसं आहेत.

ज्या घरांकडे मान होता त्यांनीही हे आपल्या बाजूने प्रामाणिकपणे लिहावं. आपला पणजोबा कोणाला कुठे थांबवत होता हे ठाऊक असेल तर ते गाळू नये.

गाणी, ओव्या, सोंगांची बोलणी कशी जपायची?

आधी आवाज, मग अक्षर. भोंडल्याचं गाणं लिहून काढलं की चाल हरवते, म्हणून गाऊन घ्या. अडखळली तरी गाऊ द्या. जात्यावरच्या ओव्यांचं काय होऊ शकतं हे हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ या संशोधकांच्या कामाने दाखवलं आहे: खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. तुम्हाला आजीच्या दहा मिळाल्या तरी खूप. प्रत्येकीखाली कोणाकडून शिकली ते लिहा. बोहाड्यातलं किंवा शिमग्यातलं सोंग घराकडे असेल तर मुखवटा कोणी घडवला, शेवटचा कोणी घातला आणि सध्या कुठे आहे, एवढं तरी हवंच.

फोटो आणि कॅसेटचं काय?

फोटो लॅमिनेट करू नका आणि चिकट पानांच्या अल्बममधून शक्य असेल तर हळूच काढा. मागे बॉलपेनने लिहिलं तर पुढे उमटतं, मऊ पेन्सिल वापरा. स्कॅन किमान ६०० डीपीआयला करा, मागची बाजूही. फोटोत कोण कोण आहे हे डावीकडून उजवीकडे, ओळीने. नात्यासकट लिहा, कारण ‘बाळूकाका’ पन्नास वर्षांनी कोणालाच कळणार नाही.

कॅसेट आणि व्हीएचएस टेपला आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. पांढरे डाग दिसले तर घरच्या प्लेयरवर लावू नका, जाणकाराकडून साफ करून मगच उतरवून घ्या. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो बारीक होतो.

देवाच्या काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात. त्यांचं काय?

मग बाहेर सांगू नका. कुळाचार, गाऱ्हाण्याचे शब्द, गावपळणीतले (काही दिवस सगळं गाव रिकामं करायच्या प्रथेतले) आतले नियम, कोणाच्या अंगात येत असे, यांतलं जे घर किंवा गाव राखून ठेवतं ते वेगळ्या वहीत, घरापुरतं ठेवा. हयात माणसांच्या भांडणांनाही हाच नियम.

कोणत्या भाषेत लिहू?

सांगणारा बोलला तशी. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी असेल ती. आजीचं ‘जत्रंला जायाचो’ सुधारून ‘जत्रेला जात असू’ करू नका. नव्या पिढीला अडेल असा शब्द असेल तर खाली अर्थ द्या.

तयार झालेलं कुठे ठेवावं?

निदान तीन जागी. एक प्रत घरात कागदावर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. छापील प्रत गावच्या वाचनालयाला आणि जिल्ह्याच्या ग्रंथालयाला द्या. फाइलचं नाव ‘जत्रा १’ असं न ठेवता साल, गाव, सांगणाऱ्याचं नाव असं ठेवा. पहिल्या पानावर कोणी, कधी, कोणाकडून ऐकून लिहिलं ते येऊ द्या, आणि शेवटी चार-सहा कोरी पानं सोडा. वाचून झाल्यावर ‘अरे, हे राहिलं’ म्हणत कोणी ना कोणी फोन करतंच, त्यांचं सांगणं तिथे लिहायचं.